इंग्रजीतील भूतकालवाचक धातुसाधिते व त्यांना जोडून येणारी शब्दयोगी अव्यये : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात प्रयोगपरिवर्तनाचा पाठ घेत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न हे प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे. 'आय नो हिम' या वाक्याचे कर्मणी रूप तिने 'ही इज नोन बाय मी' असे केले होते. येथे 'नोन टू मी' असे हवे, हे सांगितल्यावर तिने विचारले, "सर, कर्त्याच्या आधी 'बाय' येते हा नियम आपणच सांगितला, मग इथे 'टू' का?" त्या वेळी 'हा अपवाद आहे, पाठ करा' एवढेच उत्तर देता आले. प्रस्तुत लेखकालाही शाळेत हेच उत्तर मिळाले होते आणि 'नोन टू, सरप्राइज्ड ॲट, इंटरेस्टेड इन, कंटेन्ड इन' अशी अपवादांची यादी त्यानेही घोकली होती.

प्रश्न केवळ दोन गुणांचा नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नोकरीच्या अर्जात 'इंटरेस्टेड फॉर' लिहितो किंवा मुलाखतीत 'माय सिस्टर इज मॅरीड विथ अ टीचर' असे म्हणतो, तेव्हा त्याचा आशय समजण्यास कोणतीही अडचण येत नाही. तथापि समोरची व्यक्ती तेवढ्यावरून 'यास इंग्रजी येत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होते. एका अव्ययामुळे विद्यार्थ्याच्या विषयज्ञानाकडेही संशयाने पाहिले जाते. ज्याची एवढी किंमत विद्यार्थ्यास मोजावी लागते, त्यामागील व्यवस्था समजावून सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. भूतकालवाचक धातुसाधितांबरोबर येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांमागील अर्थव्यवस्था स्पष्ट करणे.
२. मराठी विभक्तींच्या साहाय्याने ही व्यवस्था कोठे सुलभ होते व कोठे दिशाभूल होते, हे पाहणे.
३. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना करणे.

इंग्रजी उदाहरणे येथे देवनागरीत दिली आहेत. 'शब्दयोगी अव्यय' ही संज्ञा इंग्रजी 'प्रिपोझिशन' या अर्थी रूढ असल्याने तीच वापरली आहे; मात्र मराठीत हे अव्यय नामाच्या नंतर, तर इंग्रजीत आधी येते, हे ध्यानात ठेवावे.

धातुसाधिताचे दुहेरी स्वरूप

'ब्रोकन', 'नोन', 'फिल्ड', 'मॅरीड' ही रूपे धातूपासून साधलेली असली तरी वाक्यात ती दोन भिन्न भूमिका बजावतात. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय अ बॉय' या वाक्यात 'ब्रोकन' हे क्रियापदाचा भाग आहे. येथे क्रिया घडली, ती कोणी केली हे 'बाय'ने सांगितले. याउलट 'शी इज इंटरेस्टेड इन हिस्टरी' या वाक्यात कोणतीही घटना घडलेली नाही. तिच्या मनाची एक स्थिती सांगितली आहे. येथे 'इंटरेस्टेड' हे धातुसाधित विशेषण बनले आहे. मराठीतही 'दार उघडले गेले' आणि 'दार उघडलेले आहे' या दोन वाक्यांत हाच भेद आहे.

हा भेद ओळखण्याच्या दोन सोप्या कसोट्या वर्गात वापरता येतात. पहिली कसोटी 'व्हेरी' या शब्दाची. 'व्हेरी इंटरेस्टेड', 'व्हेरी वरीड', 'व्हेरी टायर्ड' असे म्हणता येते. 'व्हेरी किल्ड' किंवा 'व्हेरी बिल्ट' असे म्हणता येत नाही. दुसरी कसोटी 'सीम' या क्रियापदाची. 'ही सीम्स वरीड' हे चालते. 'ही सीम्स किल्ड' चालत नाही. जे शब्द या कसोट्यांवर उतरतात ते विशेषणाकडे झुकलेले असतात.

मात्र क्रिया व विशेषण असे दोन बंद कप्पे आहेत असे समजू नये. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणात कर्मणी रचनांची एक उतरंडच मांडली आहे. एका टोकाला शुद्ध कर्मणी, मध्ये अर्धकर्मणी व दुसऱ्या टोकाला केवळ कर्मणीसारखी दिसणारी रचना, असा तो क्रम आहे. शालेय व्याकरणातील 'अपवाद' बहुधा या उतरंडीच्या मध्यभागी सापडतात. कर्मणी प्रयोगाचा नियम तेथे मोडलेला नसतो. तेथे कर्मणी प्रयोग पूर्णत्वाने नसतोच. धातुसाधित विशेषणाकडे सरकले की 'बाय'ची आवश्यकता कमी होते आणि त्या विशेषणाच्या अर्थास अनुरूप असे अव्यय त्याची जागा घेते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

'बाय'ची मक्तेदारी : ऐतिहासिक दृष्टी

कर्त्यासाठी 'बाय' हा नियम इंग्रजीतही सनातन नाही. प्राचीन इंग्रजीत कर्मणी रचनेतील कर्ता प्रामुख्याने आजच्या 'फ्रॉम' व 'थ्रू' यांच्या पूर्वरूपांनी दर्शविला जात असे. मध्ययुगीन इंग्रजीत 'ऑफ'चा वापर वाढला. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलच्या अधिकृत भाषांतरात कर्त्यासाठी 'ऑफ' वारंवार आढळते. 'बाय'ने ही जागा क्रमाक्रमाने व्यापली. 'बिलव्हेड ऑफ ऑल', म्हणजे सर्वांचा लाडका, यासारख्या प्रयोगांत जुना 'ऑफ' आजही टिकून आहे. ज्यास आपण अपवाद म्हणतो त्यातील काही भाग 'बाय'पेक्षा जुना आहे, ही बाब विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे.

एक 'ने', अनेक अव्यये

मराठी विद्यार्थ्याच्या अडचणीचे मूळ तृतीयेत आहे. 'मुलाने काच फोडली' व 'दगडाने काच फोडली' या दोन्ही वाक्यांत 'ने' हाच प्रत्यय येतो. ही परंपरा संस्कृतपासूनची आहे. कर्ता व करण या दोहोंसाठी पाणिनीने तृतीयाच सांगितली आहे (२.३.१८). इंग्रजी मात्र येथे भेद करते. कर्त्यास 'बाय' व साधनास 'विथ' लागते : 'ब्रोकन बाय अ बॉय', 'ब्रोकन विथ अ स्टोन'.

हा भेद किती सूक्ष्म अर्थ वाहतो याचे उदाहरण पाहावे. 'ही वॉज किल्ड बाय अ स्टोन' म्हणजे दगड आपोआप कोसळून त्याचा मृत्यू झाला. 'ही वॉज किल्ड विथ अ स्टोन' म्हणजे कोणीतरी दगड हाती घेऊन त्यास ठार मारले. पहिला अपघात आहे, दुसरा खून. मराठीतील 'दगडाने मेला' व 'दगडाने मारला' यांतील भेद क्रियापद सांगते, प्रत्यय नव्हे.

'भरलेला' व 'झाकलेला' या अर्थाच्या धातुसाधितांतही हेच दिसते. 'खोली धुराने भरली होती' यातील धूर हा कर्ता नसून खोलीतील द्रव्य आहे, म्हणून 'फिल्ड विथ स्मोक'. 'कव्हर्ड' या एका शब्दाबरोबर तर तीन अव्यये तीन छटा दाखवतात. टेबल कापडाने झाकले असेल तर 'कव्हर्ड विथ'. अंग चिखलाने माखले असेल तर बहुधा 'कव्हर्ड इन'. आणि नुकसान विम्याच्या कक्षेत येत असेल तर 'कव्हर्ड बाय इन्शुरन्स', कारण तेथे विमा संरक्षण देण्याचे काम करतो.

जेथे मराठी साहाय्य करते

सर्वच ठिकाणी मराठी अडसर ठरते असे नाही. 'मेड' या धातुसाधिताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टेबल लाकडाचे असते आणि लाकूड त्यात दिसतही असते : 'मेड ऑफ वुड'. मद्य द्राक्षांपासून बनते आणि द्राक्षांचे मूळ रूप त्यात उरत नाही : 'मेड फ्रॉम ग्रेप्स'. मराठीतील षष्ठीचा 'चा' आणि अपादानाचे 'पासून' येथे अनुक्रमे 'ऑफ' व 'फ्रॉम' यांच्याशी नेमके जुळतात. नियम पाठ करण्यापेक्षा 'लाकडाचे' व 'द्राक्षांपासून' हे दोन शब्द आठवणे विद्यार्थ्यास सोपे जाते.

मनाच्या अवस्था सांगणाऱ्या धातुसाधितांबाबतही हाच अनुभव येतो. 'इतिहासात रस' म्हणून 'इंटरेस्टेड इन हिस्टरी'. 'कामाचा कंटाळा' म्हणून 'टायर्ड ऑफ द वर्क'. 'परीक्षेबद्दल काळजी' म्हणून 'वरीड अबाउट द एक्झामिनेशन'. 'वस्तुस्थितीवर आधारित' म्हणून 'बेस्ड ऑन फॅक्ट्स'. या प्रत्येक ठिकाणी मराठीने निवडलेला प्रत्यय वा अव्यय इंग्रजीशी समांतर आहे.

भीतीचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. 'शी वॉज फ्रायटन्ड बाय अ डॉग' म्हणजे एका कुत्र्याने एका प्रसंगी तिला घाबरवले. 'शी इज फ्रायटन्ड ऑफ डॉग्ज' म्हणजे कुत्र्यांना भिणे हा तिचा स्वभाव आहे. कदाचित समोर कुत्रा नसेलही. पहिली घटना, दुसरी स्थिती. येथील 'ऑफ' का, याचे उत्तर त्या शब्दाच्या इतिहासात आहे. 'ऑफ' व 'ऑफ्फ' असा ज्यांचा उच्चारभेद आपण मुद्दाम करून दाखवतो, ती आजची दोन अव्यये मुळात एकच शब्द होती आणि तिचा अर्थ 'पासून, दूर' असा होता. पाणिनीनेही भयाच्या हेतूस अपादान मानले आहे (१.४.२५). दोन दूरच्या भाषांनी भीतीचे कारण 'जेथून भय येते ते स्थान' असे कल्पिले, हा योग लक्षणीय आहे.

'नोन टू मी' : प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. 'नो' हे क्रियापद कृती सांगत नाही. कोणी काही 'केले' म्हणून एखादी व्यक्ती ज्ञात होत नाही. ज्ञात असणे ही स्थिती आहे. 'तो माझ्याकडून ओळखला जातो' हे वाक्य मराठीत कोणी बोलत नाही. ते केवळ प्रयोगपरिवर्तनाच्या वहीत आढळते. स्वाभाविक मराठी वाक्य 'तो मला ठाऊक आहे' किंवा 'तो माझ्या ओळखीचा आहे' असे होईल. या 'मला'तील 'ला' म्हणजेच इंग्रजीतील 'टू मी'.

या ठिकाणी संस्कृत व्याकरणाची साक्ष काढणे अप्रस्तुत ठरू नये. 'क्त' प्रत्ययान्त धातुसाधित सामान्यतः भूतकालवाचक असते आणि त्याचा कर्ता तृतीयेत येतो. परंतु इच्छा, ज्ञान व पूजा या अर्थांच्या धातूंपासून झालेले 'क्त' रूप वर्तमान स्थिती सांगते, असे पाणिनी नोंदवतो (३.२.१८८), आणि अशा वर्तमानार्थी रूपाबरोबर तृतीया न येता षष्ठी येते, असे स्वतंत्र सूत्र देतो (२.३.६७). म्हणूनच 'राज्ञां ज्ञातः', म्हणजे राजांना ठाऊक असलेला. धातुसाधित क्रियेकडून स्थितीकडे वळले की कर्त्याची विभक्ती बदलते, हे तत्त्व येथे स्पष्टपणे सांगितले आहे. 'नोन टू' आणि 'बिलव्हेड ऑफ' यांमागे दिसणारी प्रवृत्ती याच जातीची आहे. ज्या गोष्टीस आपण इंग्रजीची लहर समजतो, ती आपल्या परंपरेतील व्याकरणकारास अपरिचित नव्हती.

'नोन'बरोबर अन्य अव्ययेही येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा होतो. 'नोन फॉर' म्हणजे एखाद्या गुणासाठी प्रसिद्ध : पैठण 'इज नोन फॉर इट्स सारीज'. 'नोन ॲज' म्हणजे त्या नावाने वा ओळखीने परिचित : पुणे 'वॉज फॉर्मर्ली नोन ॲज पूना'. 'नोन बाय' म्हणजे एखाद्या खुणेवरून ओळखला जाणारा : झाड फळावरून ओळखावे, या अर्थी. म्हणजे 'नोन बाय' हा प्रयोग अस्तित्वात आहेच. केवळ त्यातील 'बाय' जाणणारी व्यक्ती दाखवीत नाही. 'पझेस्ड' या शब्दाचेही असेच आहे. 'पझेस्ड ऑफ ग्रेट वेल्थ' हा काहीसा जुन्या वळणाचा प्रयोग म्हणजे धनसंपन्न. 'पझेस्ड बाय अ स्पिरिट' म्हणजे भूताने झपाटलेला. धन माणसावर क्रिया करीत नाही. भूत करते, अशी ही कल्पना आहे.

जेथे मराठी दिशाभूल करते

मराठीतील 'शी' हा प्रत्यय सर्वाधिक चुकांना कारणीभूत ठरतो. 'शिक्षकाशी लग्न', 'शेतीशी संबंधित', 'शहराशी जोडलेले', 'प्राचार्यांशी परिचित', 'गतवर्षाशी तुलना' या सर्वांत मराठीस 'शी' पुरतो. विद्यार्थी त्याचे भाषांतर सरसकट 'विथ' असे करतो आणि 'मॅरीड विथ', 'रिलेटेड विथ' अशी रूपे सिद्ध होतात. इंग्रजीत 'मॅरीड टू', 'एंगेज्ड टू', 'रिलेटेड टू', 'अटॅच्ड टू' येथे 'टू' येतो. 'ॲक्वेन्टेड विथ', 'असोसिएटेड विथ' येथे 'विथ' येतो. 'कनेक्टेड' दोन्ही घेते. एका वस्तूची दुसरीस बांधणी सुचत असेल तर 'टू' व सोबत वा सहवास सुचत असेल तर 'विथ', असे ढोबळमानाने म्हणता येते. परंतु 'रिलेटेड' व 'असोसिएटेड' यांत अर्थभेद अत्यल्प असून अव्ययभेद मात्र पक्का आहे. येथे तर्क थांबतो आणि स्मरणाचा आश्रय घ्यावा लागतो, हे विद्यार्थ्यास प्रामाणिकपणे सांगावे.

'सवय' हे दुसरे ठिकाण. 'थंडीची सवय' यात षष्ठी आहे, तर इंग्रजीत 'यूज्ड टू द कोल्ड', 'अकस्टम्ड टू द कोल्ड'. येथील 'टू' हे अव्यय असल्याने त्यापुढे नाम वा 'आयएनजी' प्रत्ययान्त रूप येते : 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट', म्हणजे रात्री काम करण्याची मला सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी मी रात्री काम करीत असे. 'डिव्होटेड टू', 'कमिटेड टू' व 'अपोज्ड टू' यांपुढेही हेच पथ्य पाळावे लागते.

दोन अव्यये एकत्र

काही क्रियापदांस स्वतःचेच अव्यय जोडलेले असते. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लाफ ॲट' म्हणजे हसणे, खिल्ली उडवणे. कर्मणी रचनेत हे अव्यय धातुसाधितास चिकटून राहते आणि त्यापुढे 'बाय' येते : 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय हिज फ्रेंड्ज'. दोन अव्यये लागोपाठ पाहून विद्यार्थी त्यातील एक गाळतो. 'लाफ्ड ॲट' हा एकच शब्द आहे असे समजून चालल्यास ही चूक टळते.

अन्य विद्याशाखांतील लेखनासाठी

इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणाऱ्या सर्वच विद्याशाखांच्या सहकाऱ्यांस हा भेद उपयोगी पडावा. रसायनशास्त्रात मीठ पाण्यात 'डिझॉल्व्ह्ड इन' असते, संयुग मूलद्रव्यांचे 'कंपोज्ड ऑफ' असते आणि औषध वनस्पतीपासून 'डिराइव्ह्ड फ्रॉम' असते. जीवशास्त्रात रुग्ण विषाणूने 'इन्फेक्टेड विथ' असतो, लस 'अगेन्स्ट' दिली जाते. रोग पसरविणारा डास सांगावयाचा झाल्यास 'ट्रान्समिटेड बाय'. 'कंप्राइज्ड ऑफ' हा प्रयोग आज सर्रास आढळत असला तरी काटेकोर संपादक त्यास आक्षेप घेतात. म्हणून 'कंपोज्ड ऑफ' किंवा 'कन्सिस्ट्स ऑफ' सुरक्षित. 'कम्पेअर्ड टू' साम्य दाखविण्यासाठी व 'कम्पेअर्ड विथ' दोन बाबी तपासून पाहण्यासाठी, असा संकेत होता; आज तो शिथिल झाला आहे. 'बोअर्ड ऑफ' या प्रयोगाचेही तसेच. परंपरेने 'बोअर्ड विथ' वा 'बोअर्ड बाय' मान्य. नवी पिढी मात्र 'टायर्ड ऑफ'च्या धर्तीवर 'ऑफ' वापरते. औपचारिक लेखनात जुना प्रयोग राखावा, परंतु बोलण्यातील नव्या प्रयोगास अज्ञान म्हणू नये.

अध्यापनविषयक सूचना

१. प्रयोगपरिवर्तनाच्या सरावासाठी 'बांधणे, फोडणे, लिहिणे' अशी कृतिवाचक क्रियापदेच निवडावीत. 'नो', 'इंटरेस्ट', 'कंटेन' यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे त्यात मिसळून पुढे 'अपवाद' म्हणून सांगू नयेत.

२. प्रत्येक कर्मणी वाक्यास 'बाय' जोडण्याची सक्ती नसावी. उपरोक्त १९८५ च्या व्याकरणानुसार इंग्रजीतील सुमारे पाचांपैकी चार कर्मणी वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. आपल्या वहीत मात्र तो प्रत्येक वाक्यात असतो.

३. शब्दसंग्रहात 'इंटरेस्टेड' असे एकटे न लिहिता 'इंटरेस्टेड इन' असे अव्ययासह लिहून घ्यावे.

४. अव्यय निवडण्यापूर्वी विद्यार्थ्यास दोन प्रश्न विचारावयास लावावे : येथे काही घडले, की काही स्थिती आहे? हीच गोष्ट घरी मराठीत मी कशी बोललो असतो? वहीतील कृत्रिम कर्मणी मराठीपेक्षा घरातील मराठी अधिक भरवशाची मार्गदर्शक ठरते. 'ने', 'शी' व 'सवयीचा' येथे मात्र सावध राहावे.

समारोप

भूतकालवाचक धातुसाधितांबरोबर येणारी शब्दयोगी अव्यये सर्वस्वी नियमबद्ध नाहीत, तशीच ती सर्वस्वी स्वैरही नाहीत. क्रिया व स्थिती यांतील भेद लक्षात आला की शालेय यादीतील बहुतेक 'अपवाद' आपापल्या जागी बसतात. जे उरतात ते थोडे असून पाठ करता येण्याजोगे आहेत. मराठी भाषक विद्यार्थ्याची मातृभाषा या कामी अडथळा नसून, नीट वापरल्यास साधन आहे. 'मग इथे टू का?' असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी व्याकरणाच्या दाराशी येऊन उभा असतो. 'पाठ करा' असे म्हणून ते दार आपण लावून घेऊ नये. त्या विद्यार्थिनीस त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते पुढील वर्षीच्या वर्गास 'मला ठाऊक' या दोन शब्दांनी देता आले, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.